सरळ बघा

"हं, आता हलायचं नाही," बाबा बगळ्याला म्हणाले.

बगळा हलला. त्यानं चिखलातून एक पाय उपसला, मान आत ओढून घेतली, पंख पसरले आणि पाण्यावरून निघाला. तो उडावा म्हणूनच बाबा सकाळपासून तळ्याच्या काठी गुडघे दुखवत बसले होते, पण तोंडाची सवय जाते थोडीच! कॅमेरा खडखडला. बाबांनी डोळा बाजूला घेतला, मागच्या छोट्या पडद्यावर फोटो पाहिला आणि मान डोलावली.

"आला?" मी विचारलं.

"मधोमध," बाबा म्हणाले.

बाबा म्हणजे माझे सासरे. उभ्या आयुष्यात त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले. बाजारातल्या एका गाळ्यात त्यांचा स्टुडिओ होता. एक पांढरा पडदा, एक गोल स्टूल, दोन दिवे आणि कुणी पळवू नये म्हणून दोरीनं बांधलेला कंगवा. आमच्याकडच्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रांवर जे भेदरलेले चेहरे आहेत, ते सगळे बाबांच्या हातचे. 'सरळ बघा. हनुवटी खाली. दोन्ही कान दिसू देत. हसू नका. हं, आता हलायचं नाही.' एवढंच ते जन्मभर बोलले आणि त्यावरून त्यांना नाव पडलं सरळबघा. रस्त्यात अजूनही लोक हाक मारतात, "काय सरळबघा काका, कुठं निघालात?" बाबांना त्याचं काही वाटत नाही. उलट हाक मारणाऱ्याची मान तिरकी असेल तर ते थांबून आधी ती सरळ करायला लावतात.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. बाबा घरात नुसते बसून राहायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना लांब भिंगाचा कॅमेरा आणून दिला. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा हवा, एवढाच त्याचा हिशेब. पण बाबांनी तो कॅमेरा हातात घेतला आणि जाहीर केलं, "आजपर्यंत न हलणाऱ्यांचे काढले. आता हलणाऱ्यांचे काढणार." तेव्हापासून आमच्या सुट्टीच्या सकाळी तळ्यावर जातात. मी चहाचा थर्मास सांभाळते. नवरा घरी झोपतो. माणसानं लग्न कुणाशी करायचं आणि थर्मास कुणाचा धरायचा, हे आधी कळत नाही.

त्या दिवशी आईही, म्हणजे माझ्या सासूबाईही, आल्या होत्या. त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या, तळ्याकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून. बाबा गुडघे सावरत उठले आणि कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

"बघ गं. अगदी मधोमध आलाय. चोच, डोळा, सगळं खणखणीत."

आईंनी मान खाली घातली.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

बाबांनी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पुन्हा काठावर जाऊन बसले. पाठमोऱ्या माणसाचाही चेहरा पडलेला दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

'छान आहे' ह्या दोन शब्दांत वाईट काय, असं कुणालाही वाटेल. पण आमच्या घरात त्याला अर्थ आहे. स्टुडिओ नवा होता तेव्हा रंगीत फिल्मचं काम फार थोड्यांच्या आवाक्यात होतं. बाबा काळेपांढरे फोटो काढायचे आणि आई ते हातानं रंगवायच्या. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगात टेकवायचा, आणि गालावर, ओठांवर, लहान मुलाच्या स्वेटरवर फिरवायचा. आतल्या खोलीच्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं. नव्यानं लग्न झालेली जोडपी, पहिल्यांदा शाळेत निघालेली पोरं, परदेशी जाणारे भाऊ, सगळे त्या टेबलावरून रंग घेऊन जायचे. फोटो मनासारखा उतरला की आई काडी वर उचलायच्या आणि म्हणायच्या, "बोलला." मग बाबा तो कागदी पाकिटात सरकवायचे आणि बाहेर आवाज द्यायचे, "पुढचे!" आई 'बोलला' म्हणेपर्यंत फोटो गाळ्याबाहेर जात नसे. गिऱ्हाईक खोळंबू दे, चिडू दे. एकदा एक नवरदेव बूट आपटत निघून गेला होता, त्याचीही बाबांनी पर्वा केली नाही.

आणि जो फोटो काही केल्या उतरायचा नाही, त्याच्याबद्दल आई गिऱ्हाइकासमोर म्हणायच्या, "छान आहे." म्हणजे बाबांनी समजायचं की हा पुन्हा काढावा लागणार.

बाबांनी पक्ष्यांचे शेकडो फोटो काढले असतील. आईंनी प्रत्येक फोटो 'छान आहे' म्हणून परत केला.

आईंचे डोळे हळूहळू चालले होते, हे आम्हाला माहीत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचं चित्र दाखवून समजावलं होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, त्यामुळे मधलं जातं, कडेचं बरंचसं राहतं, घाबरू नका, त्या घरात हिंडूफिरू शकतील. बाई सावकाश, नीट बोलत होत्या. पण आम्ही 'मधलं जातं' इथंच थांबलो. बाबा खुर्चीच्या दांडीवर अंगठा घासत राहिले. पुढचं सगळं मला धीर द्यायला बोलतात तसं वाटलं, आणि बाबांना तर ऐकूच आलं नसावं.

घरी आल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. दिसणं पुरतं जाण्याआधी हिच्या तोंडून एकदा 'बोलला' ऐकायचं.

"तू प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर फोटोचं चित्र करतेस ना?" त्यांनी मला विचारलं. "ब्रशनं रंगवल्यासारखं?"

मी छपाईच्या प्रेसमध्ये डिझाइनचं काम करते. कॅलेंडरं, दुकानांचे फलक, शुभेच्छापत्रं. फोटोवर तैलरंगाचे फटकारे, जलरंगाचे ओघळ, कॅनव्हासचा पोत, हे सगळं मला डोळे मिटून येतं. मी एकदा बाबांना दाखवलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "हा मेकअप झाला. फोटो म्हणजे जे आहे ते." आणि आता तेच माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले होते.

"मेकअप चालेल का तुम्हाला?" मी चिमटा काढला.

"ती करायची तो काय होता?" बाबा म्हणाले. "आणि तिनं केलेला कुणाला कळायचाही नाही."

शिकले मात्र झपाट्यानं. माउस असा धरायचे जणू तो उडून जाईल. पण माणूस बदलला तरी पासपोर्ट बदलत नाही. आधी ते फोटो चौकटीत कापून बगळा बरोबर मधोमध आणायचे. वर किती जागा, खाली किती, फूटपट्टी पडद्याला लावून बघायचे. मग मागचं तळं, झाडं, पलीकडची टाकी पुसून एकसारखं फिकट करायचे. आणि मग सर्वांत बारीक ब्रश घेऊन एकेक पीस रंगवत बसायचे.

"बाबा, ह्या बगळ्याला लगेच व्हिसा मिळेल," मी म्हणायचे.

"कान दिसत नाहीत," बाबा गंभीरपणे म्हणायचे. "परत पाठवतील."

मी ती चित्रं प्रेसमधल्या उरलेल्या मोठ्या कागदांवर छापून, गुंडाळी करून घरी आणायचे. बाबा ती आईंच्या पुढ्यात टेबलावर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायचे आणि समोर उभे राहायचे, निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे. आई कागदाकडे बघायच्या. मग त्यांची मान हळूच एका बाजूला वळायची, दाराकडे किंवा खिडकीकडे.

"छान आहे हो."

एका संध्याकाळी मी भांडी विसळत होते. बाबा येऊन ओट्याला टेकून उभे राहिले. काहीतरी बोलायचं असलं की ते आधी शर्टाचं वरचं बटण चाचपतात.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ती रागावलीय का माझ्यावर?"

"कोण, आई? कशाबद्दल?"

"काय माहीत. पण ती माझ्याकडे बघत नाही."

"बाबा, त्यांना दिसत नाही नीट."

"ते नाही गं. दिसत नाही ते वेगळं. मी समोर बसून बोलतो ना, तर ती मान फिरवते. मुद्दाम. मी बोलायला लागलो की फिरवते, मी गप्प झालो की सरळ. जन्मभर मी लोकांचे डोळे बघितलेत. कुणाला बघायचंय आणि कुणाला नाही, एवढं मला कळतं." त्यांनी बटण सोडलं. "मला वाटतं, तिला कंटाळा आलाय माझा. रोज उठून ह्याचे बगळे बघा. बरोबरच आहे तिचं."

मी हात पुसले आणि काहीतरी गुळमुळीत बोलले. खरं सांगायचं तर माझ्याही ते लक्षात आलं होतं. स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाला दोघंच समोरासमोर बसायची, लग्न झाल्यापासूनची त्यांची ती पद्धत. आणि हल्ली बाबा बोलायला लागले की आई दाराकडे तोंड करायच्या. मला बाबांची फार दया आली आणि आईंचा थोडा रागही आला. इतकी वर्षं ज्या माणसानं तुमच्या एका शब्दासाठी दुकान अडवून ठेवलं, त्याच्याकडे जरा बघायला काय होतं?

नंतर जे झालं ते माझ्या वेंधळेपणामुळे झालं, आणि हा वेंधळेपणा प्रेसमध्ये काम करणारी व्यक्तीच करू शकते.

बाबांनी कॉम्प्युटरवर 'नापास' नावाची एक जागा केली होती. हललेले, अर्धे कापलेले, पक्षी निसटून गेलेले फोटो तिथं पडायचे. जेवणाच्या सुट्टीत मला एक नवा ब्रश वापरून बघायचा होता. रुंद, भिंतीला चुना लावतात तसला. चांगल्या फोटोवर प्रयोग कशाला करा म्हणून मी पेनड्राइव्हवर सोबत आलेल्या नापासातला एक उचलला. त्यात बाबांचा हात मागं राहिला होता आणि बगळा पुढं निघून गेला होता. सगळी चौकट रिकामी, नुसतं पाणी, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात बाहेर पडणारा बगळा. एका पंखाचं टोक तर कापलंच गेलेलं. मी पाणी गडद निळंकाळं केलं आणि बगळ्यावर पांढऱ्याचे जाडेभरडे फटकारे ओढले. ना डोळा, ना चोच, ना पीस. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. मी ते तसंच ठेवलं आणि संध्याकाळी बाबांच्या चित्राऐवजी नेमकं तेच छापून घरी आणलं.

बाबांनी गुंडाळी उलगडली.

"हे काय? हा तर नापास आहे."

"अगंबाई! चुकून आलं. उद्या आणते तुमचं."

"अर्धा पंख बाहेर. आणि हे असं कुणी केलं? रंगाऱ्यानं?"

"मी केलं," मी म्हणाले. बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला.

कागद मोठा होता आणि गुळगुळीत होता, आणि त्या दिवशी मटारच्या शेंगा आणल्या होत्या. टाकून कशाला द्यायचा म्हणून मी तोच टेबलावर अंथरला, चित्राची बाजू वर ठेवून, म्हणजे नंतर ओल्या फडक्यानं पुसता येईल. मधोमध पातेलं ठेवलं, बाजूला शेंगांचा ढीग. आई सोलायला बसल्या. मटार सोलायला त्यांना डोळे लागत नाहीत, अंगठ्याला सगळं ठाऊक आहे. बाबा नेहमीप्रमाणे समोरच्या खुर्चीवर बसले आणि एकेक दाणा तोंडात टाकायला लागले.

शेंगा फुटत होत्या.

"अगं, हा कुठं निघाला?" आई म्हणाल्या.

मी वळून दाराकडे बघितलं. "कोण?"

"हा बगळा."

बाबांचा हात तोंडाशी थांबला. आईंची नजर पातेल्यात होती, हातात अर्धी उघडलेली शेंग. मान न उचलता त्यांनी ती शेंग कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडे रोखली, बरोबर बगळ्यावर.

"हा काय. किती पांढराय! घाईत दिसतोय."

"तुला दिसतो तो?" बाबा म्हणाले.

"दिसतो की."

"मग बघ ना त्याच्याकडे. नीट, सरळ बघ."

आईंनी मान उचलली आणि सरळ त्या कोपऱ्याकडे बघितलं.

"गेला," त्या म्हणाल्या.

"आता पातेल्याकडे बघ."

"आला."

"पुन्हा त्याच्याकडे बघ."

"गेला. अहो, हा काय खेळ लावलाय? दाणे सांडतील."

पण बाबा उठून उभे राहिले होते. त्यांनी पातेल्यावर बोट ठेवलं. "आता?"

"आला ना! मी इकडं बघितलं की तो येतो. त्याच्याकडे बघितलं की पुसला जातो. सगळ्याचंच तसंय." आईंनी शेंग पातेल्यात रिकामी केली. "जे बघायला जावं ते जातं. बाजूचं राहतं."

डॉक्टरीणबाईंचं बोलणं मला तेव्हा अख्खं ऐकू आलं. मधलं जातं, कडेचं राहतं. आणि आम्ही महिनोन्‌महिने एकेक बगळा फूटपट्टीनं मोजून, बारीक ब्रशनं कोरून, नेमका त्या हरवलेल्या जागेत नेऊन ठेवत होतो.

बाबा मात्र बगळा विसरले होते.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

आईंनी नवी शेंग उचलली, पण फोडली नाही.

"मी समोर बसतो," बाबा म्हणाले. "रोज."

"हो."

"मग मी..."

"तुमचा शर्ट दिसतो. हात दिसतात, हलवता तेव्हा. वर नुसतं धुकं." आईंनी शेंग खाली ठेवली. "तुमच्या तोंडावर कसं सांगू, की तुमचं तोंड दिसत नाही म्हणून? तुम्ही बापडे एवढ्या हौसेनं समोर येऊन बसता."

"म्हणून तू मान फिरवतेस?"

"दाराकडे बघितलं की येता तुम्ही. नाकडोळे नाहीत येत, पण तुम्ही येता. मान डोलावता ते कळतं, हसता ते कळतं." मग जरा फणकाऱ्यानं त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलायला लागलात की मला वाटतं, बघावं जरा तुमच्याकडे. म्हणून फिरवते. तुम्हाला काय वाटलं?"

बाबा टेबलाला वळसा घालून गेले आणि आईंच्या शेजारी उभे राहिले, खांद्यावर हात ठेवून. मी सगळी टरफलं गोळा केली आणि ती टाकायला बाहेर गेले. बाहेर मला थोडं रडायचं होतं, ते रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात शाळा भरायला लागली, आणि मास्तरीण होत्या आई.

बाबा कॉम्प्युटरपुढं बसायचे. आई त्यांच्या बाजूला, कपाटाकडे तोंड करून. कुणी अचानक आत आलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई कपाटाशी का भांडतेय?

"पाणी गडद करा. अजून. भिता काय? पाणी भिऊन रंगवलं तर पक्षी भिजतो."

"आता पिसं काढू?"

"पिसं कोण मोजणारे? ती सोडा. पंखाची एकच ओढ द्या. मी काडी कशी ओढायचे? गालावर टेकवली की थांबत नव्हते. थांबलं की डाग."

"माउसला कापूस लावू का?"

"लावा, तेवढंच राहिलंय."

सगळ्यांत कठीण गेलं ते तळ्यावर. बगळा कोपऱ्यात पकडायचा म्हणजे हात मुद्दाम मागं ठेवायचा, आणि बाबांचा हात मागं राहीना. नापास व्हायचं म्हटलं की पठ्ठ्या हमखास पास व्हायचा. पक्षी उडाला रे उडाला की कॅमेरा आपसूक त्याला मधोमध पकडायचा. शेवटी मी मागं उभी राहून त्यांचं कोपर धरायला लागले. "सोडा त्याला, बाबा, जाऊ द्या पुढं," मी ओरडायचे आणि मासे धरायला बसलेले लोक आमच्याकडे वळून बघायचे. बाबा मान हलवायचे. "जन्मभराची शिस्त आहे," ते म्हणायचे. "अशी सुटते होय?" पण थोडी थोडी सुटत गेली.

चित्रं छापून येत होती आणि आई काहीबाही चुका काढत होत्या. ह्याचं पाणी पचपचीत झालंय. हा बगळा कसला, हा रुमाल आहे. ह्याला वारा लागत नाहीय. बाबा प्रत्येक चुकीला उजळत होते. शिव्या खाऊन इतका टवटवीत झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. एवढ्या दिवसांत आईंनी एकदाही 'छान आहे' म्हटलं नव्हतं.

मग एका दुपारी बाबांनी एक कागद अंथरला. त्यात तळं जवळजवळ काळं होतं, नुसता खाली एक राखी पट्टा. डाव्या कडेला, अगदी काठाशी, बगळा चौकटीत शिरत होता. निघून जाणारा नाही, येणारा. पंखाचे दोन फटकारे, मानेचा एक बाक. बस्स. आईंनी कागदाच्या मध्यावर नजर ठेवली, जिथं काहीच नव्हतं. मग थोडी उजवीकडे नेली, थोडी परत. मी फडकं हातात धरून उभी होते. बाबांनी चारी वाट्या नीट केल्या, त्या आधीच नीट होत्या.

आईंचा उजवा हात वर आला, दोन बोटं आणि अंगठा जुळलेला, काडी धरल्यासारखा.

"बोलला," त्या म्हणाल्या.

"पुढचे!" बाबांनी दाराकडे बघून आवाज दिला.

दारात कुणी नव्हतं. आपण काय बोललो ते बाबांना कळलं आणि ते ओशाळून हसायला लागले. आई हसायला लागल्या. मी फडकं खांद्यावर टाकलं, पदर नाही तर निदान केस सारखे केले आणि पुढं होऊन उभी राहिले. "माझा काढा," मी म्हणाले. "दोन्ही कान दिसू देत." पण बाबा कागदाच्या कडेवर तळवा ठेवून बसून राहिले, आणि त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते.

ते चित्र आता स्वयंपाकघरात लावलंय. येणारे जाणारे विचारतात, मधे एवढी जागा रिकामी का सोडली? बाबा कुणाला काही सांगत नाहीत. "तशी पद्धत आहे," म्हणतात.

परवा सकाळी मी दूध काढायला फ्रिजकडे गेले आणि गुडघा सणकून खुर्चीवर आपटला. टेबलाशी समोरासमोर असायची ती बाबांची खुर्ची कुणीतरी उचलून टेबलाच्या कोपऱ्याशी आणून ठेवली होती, फ्रिजला खेटून. फ्रिजचं दार अर्धंच उघडत होतं. बाबा तिथं अंग चोरून बसले होते. टेबलावर त्यांच्यापुरती जागा नव्हती म्हणून चहाचा कप मांडीवर. केस ओले करून विंचरलेले.

"बाबा, हे काय? अशी मधेच खुर्ची?"

"मी ठेवायला सांगितली," आई म्हणाल्या. "तिथंच राहू दे."

आई त्यांच्या नेहमीच्या जागी होत्या. त्यांच्यासमोर टेबलाची रिकामी बाजू होती आणि तिच्यामागं भिंत. मला कळेना ते दार आता कुठून उघडायचं, म्हणून मी दुधाचा नाद सोडला आणि तिथंच ओट्याशी उभी राहिले.

"सरळ बघ," बाबा कोपऱ्यातून हळूच म्हणाले.

आईंनी मान सरळ केली आणि समोर, भिंतीकडे बघितलं. बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

बाबांनी कप खाली, जमिनीवर ठेवला. शर्टाचं वरचं बटण लावलं. हनुवटी जराशी खाली घेतली.

"हं," आई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आता हलायचं नाही."

आणि बाबा हलले नाहीत.